बेसवरची धाव: लहान खेळाडूंना लावायच्या सवयी

बेसबॉलमध्ये चेंडू कितीही लांब गेला तरी त्या फटक्याला स्वतःची किंमत नसते. फलंदाज पहिला, दुसरा आणि तिसरा बेस करत होम प्लेटला परत आला, तरच फलकावर एक धाव लागते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तरी क्रिकेटसारख्या जागच्या जागी सहा धावा मिळत नाहीत. चारही ठिकाणी पाय लावून यावेच लागते. बॅट दार उघडून देते, घर गाठायचे काम पायांचे.

मुलांच्या सरावात मात्र या धावण्याच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो. फलंदाजीला अर्धा तास, झेल आणि फेकीला अर्धा तास, आणि शेवटी अंधारून आले की ‘चला, सगळ्यांनी दोन-दोन फेऱ्या मारा’. त्या फेऱ्यांत दमछाक होते, शिकणे होत नाही. वास्तविक चेंडूला नीट बॅट लावणे हे या खेळातले सर्वांत अवघड काम. व्यावसायिक खेळाडूसुद्धा दहा प्रयत्नांत तीन वेळा यशस्वी झाला तर नावाजला जातो. बेसवर शहाणपणाने धावणे मात्र संघातल्या प्रत्येक मुलाला जमू शकते, पायाने जड असलेल्यालाही. कारण त्यात वेगाइतकाच वाटा आधी केलेल्या विचाराचा असतो, आणि तशा विचाराची सवय आठव्या-नवव्या वर्षी लावता येते.

बेसबॉलचे आतले मैदान म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौरस. मोठ्यांच्या खेळात त्याची प्रत्येक बाजू ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असते. मुलांसाठी ती आखूड केलेली आहे. कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, विल्यम्सपोर्ट येथे लिटल लीग सुरू केली. तिच्या बारा वर्षांपर्यंतच्या गटात दोन बेसमधले अंतर ६० फूट आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरपासून होम प्लेटचे अंतर ४६ फूट असते. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी घरांतली मुले याच मैदानावर पहिल्यांदा हा खेळ खेळतात. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत बेसबॉलबरोबर सॉफ्टबॉलही खेळला जातो, आणि मोठ्यांच्या सॉफ्टबॉलमध्येही बेस ६० फुटांवरच असतात. त्यामुळे पुढच्या बहुतेक गोष्टी तिथल्या मुलामुलींनाही जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली सवय पहिल्या बेसकडे धावण्याची. ती सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत जास्त वेळा बिघडलेली आढळते. चेंडू जमिनीवरून गेला की मुलाचे डोळे चेंडूमागे जातात. डोळ्यांमागे मान वळते, मानेमागे खांदे, आणि खांदे वळले की पावले वाकडी पडू लागतात. सुरुवातीच्या दोन-तीन पावलांत एक चोरटी नजर टाकायला हरकत नाही. त्यानंतर नजर बेसवरच हवी. चेंडूचे काय झाले ते पाहायला पहिल्या बेसजवळ प्रशिक्षक उभा असतो, आणि तो तिथे उभा असतो तो यासाठीच.

क्रिकेटवर वाढलेल्या मुलाला इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते: बॅट सोडायची. क्रिकेटमध्ये धावताना बॅट हा हाताचाच लांबवलेला भाग असतो, ती क्रीजमध्ये टेकवली की जीव भांड्यात पडतो. बेसबॉलमध्ये हातात बॅट राहिली तर हात मोकळे हलत नाहीत आणि वेग जातो. ती भिरकावायचीही नाही, कारण मागे कॅचर आणि पंच असतात. फटका संपला की हातातून खाली पडू द्यायची, एवढेच.

पहिल्या बेसला एक सवलत आहे. फलंदाज तो ओलांडून सरळ पुढे पळत गेला तरी चालते. लगेच परत फिरला तर त्याला बाद करता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर अशी मुभा नाही, तिथे बेस सोडून पुढे गेला आणि चेंडू अंगाला लागला की धावक बाद. ही सवलत असूनही मुले पहिल्या बेसवर थांबायच्या बेताने धावतात. बेसवर थांबायचे म्हटले की शरीर आपोआप तीन-चार पावले आधीच वेग कमी करू लागते, आणि मुलांच्या सामन्यात बाद की नाबाद हे बहुतेक वेळा एका पावलावर ठरते. म्हणून मुलाला ‘बेसपर्यंत धाव’ असे न सांगता बेसच्या पलीकडे दहा-पंधरा फुटांवर एखादा शंकू ठेवून ‘तिथपर्यंत धाव’ असे सांगावे. बेस मग वाटेतला एक टप्पा होतो. पाय बेसच्या अलीकडच्या कडेवर पडावा, कारण तीच कड सर्वांत आधी हाताशी येते. शेवटचे पाऊल उडी मारून टाकू नये. हवेत असताना पायाला जमिनीचा रेटा मिळत नाही आणि उडी मारणारा उलट उशिरा पोचतो.

बेस ओलांडल्यावर छोटी पावले टाकत थांबायचे आणि उजवीकडे, मैदानाच्या बाहेरच्या बाजूला पाहायचे. फेक चुकली असेल तर चेंडू तिकडेच गेलेला असतो. दिसला तर दुसऱ्या बेसकडे निघायचे. उजवीकडे वळले तर सुरक्षित आणि डावीकडे वळले तर बाद, असा समज मुलांत आणि पालकांतही घट्ट बसलेला आहे. नियमात तसे काही नाही. कुठल्याही बाजूने वळा, दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केला तरच ती सवलत संपते.

चेंडू आतल्या क्षेत्ररक्षकांना चकवून मागच्या हिरवळीत गेला, तर सरळ रेषेत धावून उपयोग नाही. आता लक्ष्य दुसरा बेस असू शकतो, आणि चौरसाच्या कोपऱ्यावर काटकोनात वळायला वेग पूर्ण मारावा लागतो. इथे क्रिकेटची सवय पुन्हा आडवी येते. क्रिकेटमध्ये सरळ जायचे, टेकवायचे आणि उलट फिरायचे असते. बेसवर वळण घ्यायचे असते, खो-खोत खांबाला वळसा घालणारा खेळाडू जसे अंग आत झुकवतो तसे. पहिल्या बेसच्या पंधरा-वीस फूट अलीकडे धावक थोडा उजवीकडे, बाहेर सरकतो, मग आत झुकत बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय देतो आणि थेट दुसऱ्या बेसच्या रेषेत बाहेर पडतो. वळण बेसच्या आधी घेतले तर पुढची वाट सरळ होते. बेसवर पोचल्यावर घेतले तर धावक उजव्या मैदानाकडे फेकला जातो आणि पाच-सहा पावले वाया घालवतो. कोणता पाय टेकवावा यावर प्रशिक्षकांत वाद चालतात. डावा पाय आतल्या कोपऱ्यावर पडला तर वळण सोपे जाते हे खरे. पण लहान मुलाला पाय मोजायला लावले की तो बेसजवळ अडखळतो, आणि अडखळण्यात जाणारा वेळ डाव्या पायाने वाचणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असतो. पडेल त्या पायाने, पण आतला कोपरा आणि वेग न मोडता, एवढे पुरे.

बेसला पाय लागलाच पाहिजे, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती शिकवायची राहून जाते. तिच्यामुळे एका पूर्ण हंगामाचा निकाल फिरल्याचे उदाहरण मात्र बेसबॉलच्या इतिहासात आहे. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना १–१ असा बरोबरीत होता. नववा डाव, दोन बाद, जायंट्सचा एक धावक तिसऱ्या बेसवर आणि एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल पहिल्या बेसवर. पुढच्या फलंदाजाने, अल ब्रिडवेलने, चेंडू मागच्या मैदानात मारला. तिसऱ्या बेसवरचा धावक होमला आला आणि सामना जिंकला असे समजून प्रेक्षक मैदानात धावले. मर्कल दुसऱ्या बेसकडे निघाला होता. गर्दी पाहून तो वाटेतूनच वळला आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसला पाय लावला. मर्कलने तो बेस गाठणे सक्तीचे होते, म्हणून पंच हँक ओडे यांनी त्याला बाद दिले आणि ती विजयी धाव रद्द झाली. सामना बरोबरीत धरला गेला. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला गेला, कब्जने ४–२ असा जिंकला आणि नॅशनल लीगचे विजेतेपद एका सामन्याच्या फरकाने नेले. त्या काळी अशा वेळी वाटेतून वळणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती, सगळेच तसे करत. दोष एकट्या मर्कलच्या माथी लागला, आणि पुढे कित्येक वर्षे उत्तम खेळूनही तो त्याला चिकटून राहिला. त्या मुलाला आधीच्या कुणी प्रशिक्षकाने ‘सामना संपला तरी बेसला पाय लावून ये’ एवढे वाक्य अंगवळणी पाडले असते, तर हे टळले असते.

मर्कलच्या गोष्टीतला ‘सक्तीचा’ हा शब्द मुलांना समजावणे हे प्रशिक्षकाचे पुढचे मोठे काम आहे. एका बेसवर एका वेळी एकच धावक राहू शकतो. फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारला की तो पहिल्या बेसकडे येतो, म्हणून तिथे आधीपासून असलेल्याला जागा सोडावीच लागते. अशा धावकाच्या अंगाला चेंडू लावायची गरज नसते. चेंडू हातात घेऊन क्षेत्ररक्षकाने पुढच्या बेसला पाय लावला की तो बाद. मागून कुणी ढकलत नसेल, तर मात्र धावकाच्या अंगाला चेंडू लावावा लागतो आणि जायचे की थांबायचे हे धावक ठरवू शकतो. नियमाची भाषा मुलांना जड जाते. ‘मागून कुणी येतंय का?’ हा प्रश्न कळतो. येत असेल तर पळ, नसेल तर बघ.

असे प्रश्न बेसवर उभे असतानाच, पिचर चेंडू टाकण्यापूर्वी, मनात विचारायचे असतात. किती बाद झाले? माझ्यापुढे कोण, मागे कोण? चेंडू जमिनीवरून गेला तर काय, हवेत गेला तर काय? मागच्या मैदानात क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत? चांगला प्रशिक्षक ही उत्तरे स्वतः ओरडून सांगत नाही, तो मुलाला विचारतो. मुलाने बोटे वर करून ‘एक बाद’ दाखवले की त्याला माहीत आहे हे कळते. आणि हे दर चेंडूला करावे लागते, कारण दर चेंडूला परिस्थिती बदललेली असू शकते.

दोन बाद असतील तर प्रश्न सोपा: बॅटला चेंडू लागला की पळायचे. हवेतला चेंडू झेलला गेला तर डाव तसाही संपणार, आणि सुटला तर आधी निघालेल्याचा फायदा. दोनपेक्षा कमी बाद असतील तेव्हा खरी परीक्षा. चेंडू झेलला गेला तर धावकाने आपल्या मूळ बेसला परत पाय लावणे बंधनकारक असते; तो पोचण्याआधी चेंडू तिथे पोचला की तोही बाद. म्हणून सपाट, जोरकस मारलेल्या चेंडूवर जागच्या जागी थिजायचे आणि तो कुणाच्या हातात जात नाही ना, हे पाहायचे. उंच उडालेल्या चेंडूवर वाटेत अर्ध्यावर जाऊन थांबायचे: झेल सुटला तर पुढे, पकडला तर मागे. चेंडू खूप खोल गेला असेल आणि धावक तिसऱ्या बेसवर असेल, तर उलट करायचे. बेसला पाय लावून थांबायचे आणि झेल हातात पडताच होमकडे सुटायचे. मोठ्या क्षेत्ररक्षकालाही तेवढ्या लांबून दर वेळी अचूक फेक जमत नाही, मग मुलांना कुठून जमणार? तिसऱ्या बेसवरच्या मुलाला हवेतला प्रत्येक चेंडू पाहून आधी बेसवर परतायची सवय लावली, तर एका हंगामात काही धावा नक्की वाढतात.

पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, किंवा तिन्ही बेसवर, धावक असताना आणि दोनपेक्षा कमी बाद असताना आतल्या मैदानात सोपा उंच झेल उडाला, तर पंच मोठ्याने तसे जाहीर करून फलंदाजाला तिथेच बाद ठरवतात. हा नियम १८९५ मध्ये आला. झेल मुद्दाम सोडून दोन-दोन धावकांना अडकवण्याची युक्ती बंद करणे हा त्याचा हेतू. मुलांना यातले एवढेच कळले तरी भागते: पंचांची ती हाक ऐकली की सक्ती संपली, आपल्या बेसवर थांबता येते.

जमिनीवरच्या चेंडूचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. दहा वर्षांची मुलगी दुसऱ्या बेसवर आहे, पहिला बेस रिकामा, एक बाद. फलंदाजाने मारलेला चेंडू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपकडे जातो. तिचे पाय शिवशिवतात, शेजारून कुणीतरी ‘पळ’ म्हणून ओरडते आणि ती तिसऱ्या बेसकडे निघते. शॉर्टस्टॉपच्या अगदी समोरून ती चालली आहे. तो चेंडू उचलतो, दोन पावले टाकतो आणि तिच्या खांद्याला चेंडू लावतो. तिने काय करायला हवे होते? दोन-तीन पावले पुढे येऊन थांबायचे, शॉर्टस्टॉपचे हात पाहायचे, आणि त्याने पहिल्या बेसकडे फेक सोडली की त्या क्षणी निघायचे. फेक तिकडे जाईपर्यंत आणि तिकडून तिसऱ्या बेसला येईपर्यंत ती पोचलेली असते. हाच चेंडू तिच्या पाठीमागे, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या बाजूला गेला असता, तर मात्र क्षणभरही न थांबता पळायचे. चेंडू समोर असेल तर थांब, मागे असेल तर पळ: प्रशिक्षक हे सूत्र वर्षानुवर्षे सांगत आले आहेत आणि त्याला पर्याय सापडलेला नाही. या प्रसंगात त्या मुलीचा वेग कमी पडलेला नव्हता. ती पुरेशी वेगवान होती, म्हणूनच इतक्या लवकर शॉर्टस्टॉपसमोर पोचली.

धावकाला मागचे दिसत नाही, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या बेसजवळ प्रशिक्षक उभे राहतात. पहिल्या बेसकडून दुसऱ्याला जाणाऱ्या मुलाने, चेंडू पाठीमागे गेला असेल तर, दुसऱ्या बेसच्या थोडे आधी मान वर करून तिसऱ्या बेसवरच्या प्रशिक्षकाकडे पाहावे. दोन्ही हात वर म्हणजे थांब, हात गोल फिरत असेल तर पुढे चल, तळवे जमिनीकडे दाबले जात असतील तर घसरत ये. या खुणा ठरल्या की त्यांवर पूर्ण भरवसा ठेवायचा. मुलांच्या सामन्यात खरी अडचण कुंपणाबाहेरच्या आवाजांची असते. आई एक सांगते, काका दुसरे, संघातले मित्र तिसरे, आणि मूल वाटेतच थबकते. पालकांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण ‘पळ’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द प्रशिक्षकासाठी राखून ठेवावेत.

बेस सोडून पुढे सरकून उभे राहणे आणि पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस पळवणे, हा मोठ्यांच्या खेळातला सर्वांत थरारक भाग. लिटल लीगच्या ६० फुटांच्या मैदानावर तो नाही: पिचरचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचेपर्यंत धावकाने बेस सोडायचा नसतो. हे बंधन योग्य आहे. नाहीतर दहा वर्षांच्या कॅचरच्या हाताला तेवढी ताकद नसल्याने प्रत्येक धावक दर चेंडूला एक बेस पळवेल आणि खेळाला अर्थ उरणार नाही. तेराव्या वर्षानंतर मैदान मोठे होते तेव्हा पुढे सरकणे शिकवावे. छोटी, घसटती पावले टाकत सरकायचे, पाय एकमेकांवर कधीच येऊ द्यायचे नाहीत, आणि नजर पिचरवर ठेवायची. परत यायचे झाले तर एक पाऊल आणि एक झेप एवढेच अंतर असावे. तिसऱ्या बेसवरून सरकताना रेषेच्या बाहेरून पुढे जायचे, कारण आतल्या बाजूला फलंदाजाचा चेंडू अंगाला लागला तर धावक बाद होतो. परतताना रेषेच्या आतून यायचे, म्हणजे कॅचरच्या फेकीच्या वाटेत धावकाचे अंग येते.

बेस पळवणे हे निव्वळ पायांचे काम वाटते, पण त्यात निष्णात झालेल्यांनी डोळ्यांनीच जास्त कमावले. ९३८ बेस पळवणारा लू ब्रॉक आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पिचरांचे चित्रण करून त्यांच्या हालचाली अभ्यासत असे. रिकी हेंडरसनने १९८२ च्या एका हंगामात १३० बेस पळवले आणि कारकिर्दीत १,४०६. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. त्याच १९८२ मध्ये तो ४२ वेळा पकडलाही गेला. १७ ऑक्टोबर २००४ रोजी बोस्टन रेड सॉक्सचा संघ यांकीजविरुद्धच्या मालिकेत ०–३ ने मागे होता आणि चौथ्या सामन्यातही नवव्या डावात एका धावेने पिछाडीवर होता. केवळ धावण्यासाठी डेव्ह रॉबर्ट्सला पहिल्या बेसवर आणले गेले. तो दुसरा बेस पळवणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पिचर मारियानो रिव्हेराने त्याला अडवायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. चौथ्यांदा फलंदाजाकडे टाकला आणि रॉबर्ट्स निघाला, अगदी थोडक्यात पोचला, पुढच्या फटक्यावर बरोबरीची धाव घेऊन आला. बोस्टनने तो सामना, ती मालिका आणि १९१८ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज जिंकली. रॉबर्ट्सला पूर्वी बेसवर धावण्याचे धडे मॉरी विल्सने दिले होते, ज्याने स्वतः १९६२ मध्ये १०४ बेस पळवले होते.

अमेरिकेच्या मेजर लीगने २०२३ मध्ये बेसची रुंदी १५ इंचांवरून १८ इंच केली आणि पिचरने धावकाला अडवण्यासाठी किती वेळा थांबायचे यावर मर्यादा घातली. आदल्या वर्षी २,४८६ असलेली पळवलेल्या बेसची संख्या ३,५०३ झाली, आणि त्यांतले यशाचे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधले अंतर कमी झाले ते फक्त साडेचार इंचांनी. तीन इंच रुंदीच्या फरकाने मोठ्यांचा खेळ बदलत असेल, तर मुलाचे वाया जाणारे एक पाऊल किती महाग पडते याचा अंदाज येतो.

घसरत जाणे शिकवताना घाई करू नये; या खेळात मुलांना होणाऱ्या दुखापतींचे हे एक नेहमीचे कारण आहे. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या बेसकडे डोके पुढे करून झेपावता येत नाही, तसे केल्यास धावक बाद दिला जातो. मागच्या बेसवर परतताना मात्र चालते. पाय पुढे टाकून घसरायची साधी पद्धत अशी: एक पाय दुमडून दुसऱ्याच्या खाली घ्यायचा, दुसरा सरळ बेसकडे, आणि कमरेच्या मागच्या मांसल भागावर बसल्यासारखे जमिनीवर यायचे. हनुवटी छातीला, दोन्ही हात वर. हात खाली टेकवले की मनगट दुखावते. म्हणून काही प्रशिक्षक मुलांच्या मुठींत गवताच्या काड्या देतात, मूठ उघडू नये म्हणून. पहिले धडे ओल्या गवतावर, बूट काढून, मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर द्यावेत. सुरुवातीला मूल बसते आणि थांबते. भीती गेली की तेच मूल पुठ्ठ्यासकट घसरत जाते आणि हसत परत रांगेत येऊन उभे राहते. घसरणे बेसपासून थोडे आधी सुरू व्हायला हवे. उशीर झाला तर घोटा बेसवर आदळतो. आणि एकदा घसरायचे ठरवले की मन बदलायचे नाही, अर्धवट घसरण्यातच पाय मुरगळतात.

बेसच्या रचनेचाही यात मोठा हात असतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात हौशी सॉफ्टबॉल सामन्यांवर लक्ष ठेवले. जमिनीत घट्ट रोवलेल्या बेसवर ६२७ सामन्यांत घसरण्यामुळे ४५ दुखापती झाल्या. धक्का लागताच सुटणाऱ्या बेसवर ६३३ सामन्यांत फक्त २. मुलांच्या मैदानावर कोणते बेस लावायचे, हा प्रश्न या आकड्यांनंतर उरत नाही. पहिल्या बेसला जोडून बाहेरच्या बाजूला नारिंगी रंगाचा दुसरा बेस लावायची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. क्षेत्ररक्षक पांढऱ्यावर पाय ठेवतो, धावक नारिंगीवर, आणि दोघांची टक्कर टळते. धावकाच्या डोक्यावर हेल्मेट असलेच पाहिजे, सरावातसुद्धा.

हे सगळे एका दिवसात सांगून उपयोग नाही. टी-बॉल खेळणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला कोणत्या बेसनंतर कोणता, एवढे कळले तरी खूप झाले. या वयात फटका मारून थेट तिसऱ्या बेसकडे पळणारी मुले प्रत्येक संघात असतात. आठ-नऊ वर्षांना पहिल्या बेसपलीकडे धावणे आणि वळण. दहा-बारा वर्षांना बेसवरचे प्रश्न आणि चेंडू वाचणे. सरावही सामन्यासारखा हवा. चार मुलांना चार बेसवर उभे करावे, प्रशिक्षकाने हाताने चेंडू कधी जमिनीवरून, कधी उंच, कधी सपाट फेकावा, बाद किती आहेत ते प्रत्येक वेळी बदलून सांगावे आणि प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा. चुकले की तिथेच थांबवून विचारावे, ‘तुला काय दिसलं?’ मूल उत्तर देते तेव्हाच त्याची चूक नजरेची होती, नियमाची होती की घाईची, हे समजते.

पुढचा बेस घेण्याच्या प्रयत्नात बाद झालेल्या मुलाला रागावू नये. न पळाल्याबद्दल, बाद किती हे विसरल्याबद्दल, प्रशिक्षकाची खूण न पाहिल्याबद्दल जरूर बोलावे. पण धाडस करून एका पावलाने हुकलेल्या मुलाला सर्वांसमोर बोलणी बसली, की ते पुढच्या वेळी बेसला चिकटून उभे राहते. हेंडरसन ४२ वेळा पकडला गेला होता, हे अशा दिवशी त्याला सांगावे.

मुलांच्या संघाचे काम पाहणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या सरावात एवढा एक बदल करून पाहावा: बेसवरच्या धावण्याची पंधरा मिनिटे शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावीत, मुलांचे पाय ताजे असताना आणि डोके जागेवर असताना.